मेलेला रंग

तिसऱ्या दिवशीही ओंकारचा फ्लास्क लालच होता.

शाहीनच्या प्रबंधात लिहिलं होतं की हा लाल रंग चोवीस तासांत जातो. तक्ते होते, आलेख होते, साडेतीन वर्षांच्या नोंदी होत्या. आणि माझ्या टेबलावर बहात्तर तास झालेला फ्लास्क होता, डाळिंबाच्या रसासारखा लालभडक.

"मॅडम, तिनं लिहिलंय तसंच केलंय सगळं," ओंकार म्हणाला. "दोनदा केलं. मला वाटलं माझंच कायतरी चुकतंय. म्हणून बिराजदार सरांना विचारलं."

"आधी मला का नाही विचारलंस?"

"तुमी पेपर तपासायला बाहेरगावी होता की. आणि सर समोरच दिसले."

म्हणजे गोष्ट विभागप्रमुखांपर्यंत पोचली होती.

मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शिकवून उरलेल्या वेळात पीएच.डी.च्या मुलांना मार्गदर्शन करते. शाहीन रंगरेज माझी विद्यार्थिनी. तिचं काम समजायला सोपं आहे. आमच्या शहरात चादरी आणि टॉवेल होतात. त्यांचं सूत रंगवतात ते डाइंग हाउसमध्ये. रंगवून उरलेलं लाल, निळं, हिरवं पाणी बाहेर पडतं. त्या पाण्याच्या नालीतल्या चिखलातच काही जिवाणू असे असतात, की ते हा रंग फोडून पाणी जवळजवळ बिनरंगी करतात. शाहीननं असा एक जिवाणू शोधून काढला होता. तो कोणत्या तापमानाला, किती वेळात, किती रंग फोडतो, हा तिचा प्रबंध.

ओंकार तिच्या दोन वर्षं मागचा. माळशिरसचा, शेतकऱ्याचा मुलगा. उसाच्या जमिनीतल्या जिवाणूंवर त्याचं काम. सांडपाणी जमिनीत गेलं तर काय होतं हे त्याला पाहायचं होतं, म्हणून त्यानं शाहीनच्या जिवाणूचं कल्चर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेले जिवाणू, घेतलं. सुरुवात म्हणून तिचाच प्रयोग एकदा करून पाहिला. तिच्यावर पाळत ठेवायला केला नव्हता. कुणीही तेच केलं असतं.

शाहीनचं पूर्व-सादरीकरण तीन आठवड्यांवर होतं. प्रबंध जमा करण्याआधी सगळ्या विभागासमोर काम मांडावं लागतं. तिथं कुणीही उठून काहीही विचारू शकतो.

बिराजदार सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस सरळ. नियमाला घट्ट.

"मॅडम, प्रयोग दुसऱ्याच्या हातून होत नसेल तर प्रबंध पुढं जाणार नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको."

"कल्चर बिघडलं असेल, सर."

"असेल. तपासा की. पण मला आर.ए.सी.पुढं ठेवावं लागेल."

आर.ए.सी. म्हणजे संशोधन सल्लागार समिती. प्रत्येक विद्यार्थ्याच्या कामावर ती लक्ष ठेवते. मग सर आवाज खाली आणून म्हणाले, "मुलगी कष्टाळू आहे. पण घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांवर फार दडपण असतं. रिझल्ट दाखवायचं. कधी कधी हात घसरतो."

"सर, मीपण घरातली पहिलीच आहे."

"अहो, तुमची गोष्ट वेगळी."

'तुमची गोष्ट वेगळी' हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आले आहे. माझे वडील होटगी जंक्शनला पॉइंट्समन होते. आम्ही बौद्ध. एम.एस्सी.ला पहिली आले तेव्हा वर्गातल्या दोघांनी माझा नंबर 'कसा' आला असेल याचा हिशोब माझ्यासमोरच मांडला होता. पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत मला पहिला प्रश्न आला तो असा: "यातलं गाइडनं किती लिहिलंय?" तेव्हापासून मी एक नियम केला. कागद असा ठेवायचा की कुणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये. संदर्भ पक्का, भाषा पक्की, घरचं काही नाही. हा नियम मला उपयोगी पडला. म्हणून मी तो माझ्या विद्यार्थ्यांनाही लावला. कुणाला जरा जास्तच लावला.

त्या दुपारी मी शाहीनला बोलावलं. ती आली ती पेन आणि वही घेऊनच. ओंकारचा फ्लास्क तिला दिसला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"बस," मी म्हणाले. "मला एक सरळ सांग. आकड्यांत कुठं काही बदललंयस का? एखादा? गोल करायला?"

ती बसली नाही. लॅबमध्ये गेली आणि तिच्या सगळ्या वह्या घेऊन आली. सात होत्या. एकेक करून माझ्या टेबलावर ठेवल्या, पहिली सर्वांत वर. त्यांच्यावर लॅबच्या कपाटाची किल्ली ठेवली.

"सगळ्या बघा, मॅडम. बघून झाल्यावर सांगा. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला बोलावलंय मला. त्यांना मी अजून नाही म्हटलेलं नाही."

"मी फक्त विचारलं, शाहीन."

"हो. ओंकारला विचारलंत का, की तू नीट केलंस का म्हणून?"

विचारलं नव्हतं. ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ती गेल्यावर मी बराच वेळ त्या वह्यांकडे बघत बसले आणि एकही उघडली नाही. उघडली असती तर पुढचे आठ दिवस वाचले असते. पण प्रयोग फसला की आधी कल्चर, मग मशीन, मग माणूस, असा आमचा क्रम. मी कल्चरपासून सुरुवात केली.

जिवाणू दीर्घकाळ टिकवायचे तर ते ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवतात. त्यातली एक जुनी नळी काढून नवीन कल्चर वाढवलं. सूक्ष्मदर्शकाखाली तेच, पेशींना रंग देऊन बघितलं तरी तेच. जिवाणू शुद्ध होता. ओंकारनं पुन्हा फ्लास्क लावला. लाल.

मग इनक्युबेटर, म्हणजे जिवाणू उबेत ठेवायचं कपाट. त्यात थर्मामीटर ठेवून दोन दिवस तापमान लिहिलं. बरोबर. मग जिवाणूंचं खाद्य, ज्याला आम्ही मीडियम म्हणतो. नवा डबा फोडला. लाल. मग रंग मोजायचं यंत्र. त्याचं नाव स्पेक्ट्रोफोटोमीटर, आणि ते करतं एवढंच की पाण्यातून उजेड किती पार जातो ते मोजतं. पण त्याची शंका घेण्यात अर्थ नव्हता. डोळ्यालाच लाल दिसत होतं.

शाहीन रोज येत होती. किल्ली मी परत दिली होती, तिनं घेतली होती. पण बोलत नव्हती. सांगितलं तेवढं करायची. लॅबमध्ये ती आली की बाकीची मुलं गप्प व्हायची, हे मला दिसत होतं. मीही काही बोलले नाही. आज याबद्दल मला कारण सांगता येत नाही. भीती होती एवढंच. तिच्यावर डाग आला तर तो माझ्यावरही येणार होता, आणि पुढच्या वर्षी विभागप्रमुखपदाची पाळी माझी होती.

शेवटी बिराजदार सरच म्हणाले, "दोघांना शेजारी शेजारी बसवा. एकच कल्चर, एकच मीडियम. मी स्वतः बघतो."

सोमवारी सकाळी दोघं एका टेबलावर बसले. सर खुर्ची टाकून समोर. दोघांनी फ्लास्क लावले, सरांनी त्यावर सही केलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या, इनक्युबेटरला कुलूप लावलं आणि चावी खिशात घातली.

मंगळवारी उघडलं. ओंकारचा लाल. शाहीनचा फिकट चहासारखा.

मला वाटलं, सुटलो. पण झालं उलटंच.

"हे तर आणखी वाईट," सर म्हणाले. "एकाच्या हाताला येतं आणि दुसऱ्याच्या नाही? मॅडम, हाताला यायला ही काय भाकरी आहे?"

ओंकार बिचारा कसानुसा झाला होता. "सर, माझं कायतरी राहत आसंल. ती काय लपवणारी न्हाय."

"मी कुठं म्हणतो लपवते म्हणून? पण कागदावर जे आहे त्यानं होत नाही, एवढं दिसतंय ना?"

हे मात्र खरं होतं. त्या वाक्यानं माझं डोकं जरा ठिकाणावर आलं. आठ दिवस मी ओंकार काय चुकतो ते शोधत होते, आणि मनातल्या मनात शाहीन काय करते याची धास्ती घेत होते. शाहीन काय करते ते मी नीट बघितलंच नव्हतं. साडेतीन वर्षांत एकदाही सुरुवातीपासून शेवटपर्यंत नाही. गाइड लोक रिझल्ट बघतात.

बुधवारी मी स्टूल घेऊन तिच्या शेजारी बसले. "पहिल्यापासून कर. अगदी बाटली उघडण्यापासून. मी मध्ये बोलणार नाही."

तिनं रंगाची पूड तोलली. पाण्यात विरघळवली. मग कपाटातून एक पांढऱ्या पुडीचा डबा काढला, चमचाभर तोलून त्यात घातला, हलवलं, झाकण लावलं आणि बाटली खिडकीजवळ उन्हात ठेवली.

मी बोलणार नव्हते, पण बोलले. "हे काय घातलंस?"

"धुण्याचा सोडा."

"कशाला?"

"रंग मारायला. आता उद्यापर्यंत ठेवायचा. मग थोडं अॅसिड घालून सोडा काढायचा आणि वापरायचा."

"सोमवारी हे कुठं केलंस?"

"सोमवारी स्टॉक तयारच होता. रविवारी करून ठेवला होता. दर वेळी करते."

स्टॉक म्हणजे रंगाचं मूळचं घट्ट द्रावण. दोघांना सरांनी एकच कल्चर दिलं होतं, एकच मीडियम दिलं होतं. स्टॉक ज्याचा त्यानं आणला होता. ओंकारनं बाटलीतली पूड त्याच सकाळी पाण्यात विरघळवली होती, कारण प्रबंधात एवढंच लिहिलं होतं: 'रंग पाण्यात विरघळवला.'

"शाहीन, हे कुठंच कसं लिहिलं नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"लिहिलं होतं, मॅडम. तुम्ही काढायला सांगितलंत."

मी केबिनमध्ये गेले आणि ई-मेलमध्ये तिचा पहिल्या वर्षाचा अहवाल शोधला. सापडला. त्यात वाक्य होतं: 'रंगाचे द्रावण सोडा घालून एक दिवस ठेवले, कारण डाइंग हाउसमधून बाहेर पडणारा रंग याच स्वरूपात असतो, ही पद्धत माझ्या वडिलांकडून समजली.' त्यावर लाल अक्षरांत माझा शेरा. काढून टाकणे. घरगुती माहिती नको. संदर्भ आहे का?

मग मी तिची पहिली वही उघडली. चौथ्या पानावर सगळं होतं, ग्रॅमसकट. दुसऱ्या वहीपासून फक्त 'स्टॉक: नेहमीप्रमाणे'. सहा वह्या नेहमीप्रमाणे.

मी परत लॅबमध्ये आले. "तू माझ्याशी भांडायला हवं होतंस. संदर्भ नसला तरी कारण बरोबर होतं."

"पहिल्या वर्षाला कोण भांडतं, मॅडम?" ती म्हणाली. मग टेबल पुसता पुसता बोलली. "मला बरंच वाटलं होतं खरं तर, काढलंत तेव्हा. सेमिनारला स्क्रीनवर माझं नाव आलं की मागून कुणीतरी म्हणतंच, घरचाच धंदा. आडनावच रंगरेज. ओंकारचे वडील ऊस लावतात, तो उसावर काम करतो. त्याला कुणी घरचा धंदा म्हणत नाही. त्याला फील्ड एक्स्पीरियन्स म्हणतात."

ओंकार दाराशी उभा होता. त्यानं ऐकलं. "खरंय की," एवढंच म्हणाला आणि आत येऊन बाटल्या धुवायला लागला.

मला अजून एक गोष्ट कळली नव्हती. रंग मारायचा म्हणजे नेमकं काय? शाहीन म्हणाली, "मी सांगते, पण अब्बूंकडून ऐका. ते बरोबर सांगतात."

तिचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाइंग हाउसला मास्टर आहेत. मास्टर म्हणजे कोणत्या सुताला कोणता रंग किती द्यायचा हे ठरवणारा माणूस. रंगाच्या सांडपाण्यावर मी दहा-बारा वर्षं मुलांकडून काम करून घेतलं होतं. डाइंग हाउसच्या आत मी त्या दिवशी, शाहीनबरोबर, पहिल्यांदा पाय ठेवला. नमुने मुलं आणायची.

आत वाफ होती आणि ओल्या सुताचा वास होता. तिचे वडील अब्दुलभाई साठीच्या जवळ आलेले, बारीक, हात कोपरापर्यंत निळसर. त्यांनी आधी स्टूल पुसलं, मग चहा मागवला. मुलीची मॅडम आली म्हणून जरा गडबडले होते. मी प्रश्न विचारला आणि गडबड गेली.

"देखो मॅडम," ते म्हणाले, "रंग में सोडा पड्या की रंग जागता. जाग्या तो उसकू कुछ तो पकडने कू होना. सामने सूत दिख्या तो सूत कू पकडता. ओ रंग फिर नै निकलता. सूत नै मिल्या तो पानीच पकड लेता, और मर जाता. नाली में जाता सो सब मरा रंग."

"आणि कच्चा रंग? सोडा न घातलेला?"

"ओ भूका रहता ना. किसकू भी पकडेगा. तुमारे कीड्यां कू भी."

शाहीन म्हणाली, "अब्बू, कीडे नै, जिवाणू."

"हौ, वोइच."

मग त्यांनी दाखवलं. एका वाटीत सोडा घातलेला ताजा रंग, दुसऱ्या वाटीत आदल्या दिवशीचा. दोन्हींत पांढऱ्या सुताची एकेक लडी बुडवली. आम्ही चहा घेतला. मग दोन्ही लड्या साबणाच्या गरम पाण्यात खळबळून धुतल्या. पहिली लालभडक राहिली. दुसरीचा रंग पाण्यात वाहून गेला आणि ती पांढरी झाली.

"मर्‍या की नै, ऐसा देखने का," अब्दुलभाई म्हणाले.

परत आल्यावर मी आमच्या केमिस्ट्रीच्या एका सहकाऱ्याला फोन करून विचारलं. त्यांनी हायड्रोलिसिस हा शब्द वापरला. बाकी सगळं तेच सांगितलं. रंगाचा कण पाण्याशी जोडला गेला की त्याची चिकटण्याची शक्ती संपते. न जोडलेला कण प्रथिनांना चिकटू शकतो, म्हणजे जिवाणूच्या पेशीलाही. ओंकारचे जिवाणू रंग फोडत नव्हते कारण रंगानंच त्यांना धरलं असणार. आणि नालीत तसा रंग जवळजवळ नसतोच. म्हणजे शाहीनचा प्रयोग नालीसारखा होता. ओंकारचा, आणि माझ्या सुधारलेल्या मजकुराचा, बाटलीसारखा.

बिराजदार सरांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि लगेच अडवलं. हे मला आवडलं.

"सोडा आणि अॅसिड घातलं म्हणजे मीठ तयार झालं. मिठामुळे जिवाणूंना बरं वाटत असेल तर?"

"मग एक फ्लास्क कच्चा रंग अधिक तेवढंच मीठ, असा लावू."

"आणि एक मेलेला रंग, पण उकळून मारलेले जिवाणू. आपोआप फिकट होत नाही ना, ते बघायला."

असे चार प्रकार ठरले, प्रत्येकाचे तीन फ्लास्क. लावले ओंकारनं, शाहीननं लिहून दिलेल्या नव्या पद्धतीवरून. शाहीन त्या दिवशी लॅबमध्ये आलीच नाही. सरांनी फ्लास्कवर फक्त आकडे टाकले, कोणता कुठला हे त्यांच्या डायरीत. दुसऱ्या दिवशी बारांपैकी तीन फिकट झाले होते. सरांनी डायरी उघडली. तिन्ही मेलेल्या रंगाचे आणि जिवंत जिवाणूंचे.

ओंकारनं त्यातला एक उजेडात धरला. "आलं की, मॅडम! माझ्या हाताला बी आलं."

मी शाहीनला फोन केला. तिनं "बरं" म्हटलं आणि ठेवला. दहा मिनिटांनी तिचाच फोन आला. "मॅडम, खरंच तिन्ही?" तेव्हा आवाज रडका होता.

आर.ए.सी. पुढच्या आठवड्यात भरली. समितीत बाहेरच्या विद्यापीठातले एक सदस्य होते, वयानं मोठे, प्रश्न कडक. शाहीननं नवे आकडे मांडले. सुताच्या दोन लड्या आणल्या होत्या, त्या टेबलावर ठेवल्या. सदस्यांनी दोन्ही हातात घेऊन ओढून बघितल्या.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "पण इतकी महत्त्वाची पायरी पद्धतीत नाही, हे गंभीर आहे. साडेतीन वर्षांत लिहावीशी वाटली नाही?"

शाहीननं माझ्याकडे बघितलं नाही. "लिहायचं राहून गेलं, सर. चूक झाली."

खोलीत पाच माणसं होती. ती तेवढ्यावर थांबायला तयार होती आणि समितीही. इतिवृत्तात एक ओळ आली असती, विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा, आणि विषय मिटला असता. मला वाटतं ती मला मोकळी वाट देत होती. घ्यावी असं मला दोन-तीन सेकंद वाटलंही.

"राहून गेलं नाही, सर," मी म्हणाले. "तिनं पहिल्याच वर्षी लिहिलं होतं. मी खोडलं."

"तुम्ही? का?"

"तिनं लिहिलं होतं की वडिलांकडून समजलं. मला ते शास्त्रीय वाटलं नाही. माझ्या शेऱ्यासकट ती प्रत माझ्याकडे आहे. जोडते."

बिराजदार सर मान खाली घालून लिहीत होते. त्यांचं पेन थांबलं. बाहेरच्या सदस्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, त्या मजकुराची तुम्ही पडताळणी करून बघितली होती?"

"नाही."

"म्हणजे ती शास्त्रीय वागली. तुम्ही नाही."

"हो."

मग ते शाहीनकडे वळले. "पण वहीत 'नेहमीप्रमाणे' लिहिणं ही तुमची चूक. ती मॅडमच्या नावावर नाही टाकता येणार."

"हो सर. ती माझीच आहे."

इतिवृत्तात दोन्ही गोष्टी आल्या. माझ्या सेवा-नोंदीत त्याची प्रत लागली. विभागप्रमुखपद मला मिळालं, पण वर्षभर उशिरानं. त्याचा याच्याशी संबंध होता की नाही, मी विचारलं नाही. बाहेर पडताना बिराजदार सर म्हणाले, "मॅडम, ते हात घसरण्याचं मी त्या दिवशी बोललो..." दुसऱ्या दिवशी ते लॅबमध्ये आले, शाहीनच्या टेबलाशी थांबले आणि मेलेल्या रंगावर विभागात एक व्याख्यान द्याल का, असं तिला अहो-जाहो करून विचारलं.

सादरीकरण पाच महिने पुढं गेलं. शाहीनला दोन प्रकरणं पुन्हा लिहावी लागली, काही प्रयोग पुन्हा लावावे लागले. त्यात तिचा चौथ्या वर्षाचा बराच भाग गेला. तो वेळ तिचा होता आणि घालवला मी होता, हे मी तिला एकदा बोलून दाखवलं. "घालवला असं काही नाही, मॅडम," ती म्हणाली. "प्रकरण वाढलं." औषध कंपनीला तिनं त्याच महिन्यात नाही कळवलं होतं. माझ्याशी ती पूर्वीसारखी मोकळी व्हायला मात्र वेळ लागला. अजूनही एखादा मजकूर पाठवते तेव्हा आधी लिहिते, 'यातलं काढायचं असेल तर कारण सांगा.' मी सांगते.

प्रबंध मंजूर झाला. आता ती हैदराबादला एका संशोधन संस्थेत आहे. मेलेल्या आणि कच्च्या रंगाच्या फरकावर आमचा शोधनिबंध छापून आला. लेखकांत ओंकारचं नाव आहे, कारण फ्लास्क त्यानं लावले. छापण्यापूर्वी परीक्षकानं विचारलं होतं की पद्धतीतल्या या पायरीला संदर्भ काय. शाहीननं उत्तर पाठवलं: व्यक्तिगत माहिती, अब्दुल रंगरेज, डाइंग मास्टर, सोलापूर. परीक्षकानं उलट विचारलं की या गृहस्थांची पात्रता काय. शाहीननं लिहिलं, रंगाच्या कामाचा चौतीस वर्षांचा अनुभव, आणि जोडीला सुताच्या चाचणीचे फोटो पाठवले. त्यावर पुन्हा प्रश्न आला नाही.

अंक आला तेव्हा आम्ही दोघी तो घेऊन डाइंग हाउसला गेलो. शाहीननं वडिलांना त्यांचं नाव दाखवलं आणि तो भाग दखनीत सांगितला. अब्दुलभाईंनी हात पुसले, पान जवळ धरून बघितलं.

"इसमें नवा क्या है?" ते म्हणाले. "ये तो सब कू मालूम."

तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली. लॉट तयार झाला होता. अंक स्टुलावर ठेवून ते आत गेले.

सगळ्यांना माहीत म्हणजे कुणाकुणाला, हा प्रश्न आता मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या महिन्यात विचारते. उत्तर बहुतेक वेळा 'आमच्याकडे असं करतात' असं सुरू होतं. ते आधी तपासायला लावते आणि टिकलं तर पद्धतीत लिहायला लावते, ज्यानं सांगितलं त्याच्या नावासकट. प्रबंध पानभर वाढतो. पण दुसऱ्याच्या हाताला प्रयोग येतो.